चियांग माईची संक्रांत आणि आमची १४ एप्रिल

सुटीत अकोल्याला आलो की वस्तीतली मंडळी भेटायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिकडं करमते काय तुमाले?" दुसरा प्रश्न पगाराचा. तो जरा उशिराने, चहा संपता संपता येतो. पगाराबद्दल सांगण्यासारखे फार नाही. पोटापुरते मिळते आणि थोडेबहुत मागे पडते. पण करमते काय, या प्रश्नाचे उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही उभयता शिक्षक. एकाचा विषय गणित, दुसरीचा विज्ञान. २०१८ च्या मे महिन्यात थायलंडातल्या शाळा उन्हाळी सुटीनंतर उघडल्या तेव्हा पाच वर्षांच्या लेकीला घेऊन आम्ही चियांग माई शहरी दाखल झालो. बँकॉकपासून उत्तरेला सुमारे सातशे किलोमीटर, रात्रभराचा रेल्वेचा प्रवास. मंगराय नावाच्या राजाने १२९६ साली हे शहर वसवले आणि लान्ना राज्याची ती राजधानी झाली. जुन्या शहराभोवती चौकोनी खंदक आहे, एकेक बाजू सुमारे दीड किलोमीटरची. विटांचा तट बहुतेक ठिकाणी पडून गेला, पण कोपऱ्यांचे बुरूज अजून उभे आहेत. पूर्वेला पिंग नदी, पश्चिमेला डोई सुथेपचा डोंगर. विहार तर वळणावळणावर. विहाराला येथे 'वाट' म्हणतात आणि स्तूपाला 'चेदी', म्हणजे आपला चैत्यच. नगराला 'नखोन', गुरूला 'ख्रू'. असा एखादा शब्द कानावर पडला की परमुलखात गाववाला भेटल्यासारखे वाटते.

मात्र आम्ही स्वर्गात येऊन पडलो असे कोणी समजू नये. येथे हिंदुस्थानी माणसाला 'खेक' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. पण बाजारात, बसमध्ये तो कोणत्या सुरात उच्चारला जातो ते आपल्यासारख्यांच्या कानाला लगेच समजते. तसा कान आपल्याला पिढ्यान् पिढ्या लाभलेला आहे! पहिल्या शाळेत (नाव घेत नाही) आमच्याच वर्गांना, आमच्याइतकेच तास शिकवणाऱ्या गोऱ्या शिक्षकाला आमच्यापेक्षा बराच जास्त पगार होता. सणाच्या दिवशी शाळेचा फोटो निघायचा तेव्हा गोरी मंडळी पुढच्या रांगेत आणि आम्ही व फिलिपीन्सचे शिक्षक मागे. दोन वर्षांनी ती शाळा सोडली. आताची शाळा बरी आहे. दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता सरकारदरबारी कळवावा लागतो, तो कळवतो आणि राहतो.

असो. सांगायचे होते सणांबद्दल. चियांग माई हे सणांचे शहर आहे. वर्षाच्या क्रमाने सांगण्यापेक्षा मनात जसे बसले आहेत तसे सांगतो.

पहिला सण आम्ही शाळेतच पाहिला. जून महिन्यातल्या एका गुरुवारी 'वाय ख्रू' होतो, म्हणजे गुरुवंदना. मुले पानाफुलांचे छोटे तबक घेऊन येतात. त्यात चार वस्तू हव्यातच. हरळी, कारण ती लवकर पसरते, तशी विद्या पसरावी. भाताच्या लाह्या, कारण कढईत त्या शिस्तीने झाकणाखाली फुटतात. वांग्याचे फूल, ते खाली मान घालून असते. आणि सुईसारख्या टोकदार कळ्यांचे एक लाल फूल, बुद्धी तशी तीक्ष्ण व्हावी म्हणून. मुले गुडघ्यांवर चालत पुढे येतात आणि वाकून वंदन करतात. पहिल्या वर्षी आम्ही दोघांनीही पाय मागे घेतले. आमच्यातल्या एकाचे आजोबा शाळेच्या पडवीत, दाराबाहेर बसून दोन यत्ता शिकले. मास्तर पाटी लांबूनच तपासायचे. त्यांच्या नातवापुढे पन्नास पोरे वाकलेली पाहून घशात काहीतरी अडकले. शेजारच्या थाई बाईंनी हळूच सांगितले, "पाय मागे घेऊ नका, मुलांना वाटेल त्यांचे काही चुकले." तेव्हापासून आम्ही निमूटपणे बसतो.

आता मोठा सण. सोंगक्रान. शब्द ओळखीचा वाटतो ना? ही आपली संक्रांतच, फक्त मकरसंक्रांतीऐवजी मेषसंक्रांत. थाई लोकांचे हे पारंपरिक नववर्ष. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने या सणाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. सणाचे दिवस तीन : १३, १४ आणि १५ एप्रिल. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. आमच्या वडिलांनी जिनिंग फॅक्टरीत वर्षानुवर्षे १४ एप्रिलला खाडा करून जयंती साजरी केली. आणि येथे कोणी न मागता अख्ख्या शहराला सुटी!

२०१९ सालची आमची पहिलीच १४ एप्रिल. सकाळी पांढरे कपडे घालून आमच्यातला एकजण फुले आणायला निघाला. नदीकाठी वरोरोट नावाचा जुना बाजार आहे, त्याच्या बाजूला फुलबाजार भरतो. जाताना कसाबसा वाचला. परत येताना खंदकाच्या कडेला एक सत्तरीची म्हातारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती. शेजारी पिंप, पिंपात बर्फाची लादी. म्हातारीने हसत, नेम धरून, बादलीभर पाणी अंगावर ओतले. फुले भिजली, पांढरा शर्ट अंगाला चिकटला, थंडीने दात वाजू लागले. पुढच्या चौकात पोरांनी, त्याच्या पुढच्या चौकात चक्क एका पोलिसाने! कोण कोणाला ओळखत नाही. दुकानदार गिऱ्हाइकावर, नोकर मालकावर, पोरगी परक्या पाहुण्यावर पाणी ओतते. ज्याच्यावर पाणी पडते तो हात जोडतो.

घरी आल्यावर बराच वेळ आम्ही दोघे ओल्या कपड्यांतच बसून राहिलो. आमची आजी वाशिमकडच्या एका खेड्यातली. विहिरीपाशी ती घागर घेऊन तासन् तास उभी राहायची. कोणा बाईला दया आली तर ती वरून, हातभर अंतर ठेवून पाणी घालायची आणि आजी खाली ओंजळ धरायची. एकदा आजीच्या घागरीचा शिंतोडा दुसरीच्या भांड्यावर उडाला, तर त्या बाईने भरलेले भांडे तिथेच उलटे केले. वर शिव्या दिल्या त्या वेगळ्या. ही गोष्ट आजीने आम्हाला दहा वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी भांडे कोणत्या धातूचे होते तेही सांगायची. पितळेचे. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले तेव्हा आजी जन्मलीही नव्हती, पण तिच्या गावच्या विहिरीपर्यंत ते पाणी पोहोचायला पुढे बरीच वर्षे लागली. आणि येथे एका अनोळखी म्हातारीने आम्हाला नखशिखान्त भिजवले होते, आणि तिचा पिंप तसाच भरलेला होता.

त्याच संध्याकाळी घरमालकीणबाई वर आल्या. त्यांना आम्ही थाई रीतीने 'पा', म्हणजे थोरली मावशी, म्हणतो. टेबलावर बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्ती, भिजून निम्मी झालेली फुले. पांनी विचारले, "हे कोण? तुमचे वडील?" आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि म्हणालो, "हो." पा खाली गेल्या आणि चांदीरंगाचा एक वाडगा घेऊन आल्या. उत्तर थायलंडात या सणाला वडीलधाऱ्यांच्या हातावर सुवासिक पाणी घालून मागच्या चुकांची क्षमा मागतात व आशीर्वाद घेतात. त्या पाण्यात 'सोम पोय' नावाच्या शेंगा आणि करडईची फुले टाकतात. वाडग्याचा वास ओळखीचा वाटला, म्हणून एक शेंग हातात घेऊन पाहिली. शिकेकाई! आमच्या आया-आज्या न्हायला वापरत तीच. पांनी पानाने त्या पाण्याचे दोन थेंब फोटोच्या चौकटीखाली शिंपडले, गळ्यातली मोगऱ्याची माळ काढून फोटोला घातली आणि म्हणाल्या, "वडील हसत नाहीत, पण चेहरा दयाळू आहे." आम्ही पंचशील म्हटले, पा हात जोडून उभ्या राहिल्या. पाली शब्द त्यांनाही पाठ, फक्त चाल वेगळी.

१४ तारखेला येथे 'वान नाओ' म्हणतात, म्हणजे सडका दिवस. त्या दिवशी शिवी दिली, भांडण केले तर वर्ष सडके जाते अशी समजूत. ते ऐकून आम्हाला आपल्याकडची डीजेच्या गाडीवरून, मिरवणुकीत पुढे कोणाचे मंडळ राहणार यावरून होणारी भांडणे आठवली. समजूत खोटी असली तरी त्या दिवसापुरती उसनी घ्यायला हरकत नसावी! याच दिवशी लोक वाळू घेऊन विहारात जातात. वर्षभर आपल्या पायांना चिकटून विहाराची माती बाहेर जाते, ती परत करायची म्हणून. त्या वाळूचे चैत्य रचतात आणि वर रंगीत कागदी पताका खोचतात. आमच्या लेकीने निळी पताका निवडली.

या सणाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. दारू पिऊन मोटारसायकली हाकणाऱ्यांमुळे या आठवड्यात देशभर इतके अपघात होतात की सरकार 'धोक्याचे सात दिवस' म्हणून दरवर्षी मोहीम चालवते. खंदकाचे पाणी काही पिण्यालायक नाही, दुसऱ्या दिवशी डोळे लाल होतात. शिवाय मार्च-एप्रिलात शेते आणि जंगले जाळल्याने शहरावर धुराची चादर असते. डोई सुथेपचा डोंगर आठवडेच्या आठवडे दिसत नाही. लेकीला खोकला लागतो आणि दवाखान्याची पायरी चढावी लागते. २०२० साली कोरोनामुळे सरकारने सोंगक्रानच्या सुट्ट्याच पुढे ढकलल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. त्या वर्षी आम्ही दार लावून, मोबाईलवर अकोल्याच्या मंडळींसोबत जयंती केली.

धुराच्या त्याच दिवसांत, सोंगक्रानच्या थोडे आधी, आणखी एक सण येतो. पर्यटक त्याला कमी जातात. पण आमच्या वाचकांना आम्ही कोणता एक सण दाखवू शकलो असतो तर हाच दाखवला असता. 'पॉय सांग लाँग' त्याचे नाव. हा शान लोकांचा सण. शान लोक म्यानमारच्या बाजूचे, आणि चियांग माईत इमारतींच्या कामावर, बागांत, घरकामाला मोठ्या संख्येने हेच लोक आहेत. आमच्या गल्लीच्या टोकाला एक इमारत उठत होती. मजूर तिथेच पत्र्याच्या खोल्यांत बायकापोरांसह राहत. सकाळी शाळेला जाताना त्यातला एक विटा वाहणारा गडी रोज आम्हाला हात करायचा. एका रविवारी वाट पा पाओ या शान विहारात गेलो तर गर्दीत तोच दिसला. खांद्यावर आठ-नऊ वर्षांचा मुलगा. मुलाच्या डोक्यावर फुलांचा मुकुट, अंगात जरीचे कपडे, ओठांना लाली, गळ्यात माळा. वर कोणी सोनेरी छत्री धरलेली. ढोल-झांजा वाजत होत्या आणि आमचा गडी मुलाला खांद्यावर घेऊन नाचत होता.

अर्थ असा की हा मुलगा म्हणजे राजपुत्र सिद्धार्थ. त्याला घेऊन नाचणारा म्हणजे घोडा. पोरांचे पाय सणाचे दिवस जमिनीला लागू द्यायचे नाहीत. आधी मुंडन होते, मग मिरवणुका आणि शेवटच्या दिवशी दागिने उतरवून चीवर. आपल्याकडच्या श्रामणेर शिबिरांत दहा दिवसांची दीक्षा घेणारी पोरे आम्ही पाहिली आहेत, आमच्यातला एकजण स्वतः बसला आहे. पण विटा वाहणाऱ्याच्या मुलाला राजपुत्र म्हणून भर रस्त्याने खांद्यावरून मिरवतात, आणि मोटारी थांबून वाट देतात, हे पाहिले नव्हते. गावी आमच्या जातीच्या नवरदेवाला घोड्यावर बसू दिले नाही म्हणून झालेल्या मारामाऱ्या वाचकांना ठाऊक आहेत. आम्ही तिथे ते कोणाला सांगितले नाही. कोणाला कळलेही नसते.

खर्च मात्र होतो, आणि तो आम्हाला खटकतो. ज्यांना झेपत नाही त्यांच्या मुलाचा खर्च दुसरे कोणी पुण्य म्हणून उचलतात, ही चांगली चाल. पण काहीजण कर्ज काढतात. सोमवारी आमचा गडी पुन्हा विटा वाहत होता. किती खर्च झाला असे खुणेने विचारले तर तो नुसता हसला. आपल्याकडे लग्नात हसतात तसाच.

बाकीचे सण थोडक्यात. जानेवारीत बो सांग गावी छत्र्यांचा सण असतो. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद, बांबूच्या काड्या आणि वर हाताने काढलेली फुले. गावच्या बायका छत्री धरून सायकलवरून मिरवत जातात. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवार-रविवारी फुलांचा सण, त्यात फुलांनी मढवलेले रथ नवरात पुलाकडून था फे दरवाजाच्या दिशेने निघतात. या मिरवणुकीत बोटांना पितळेची लांब नखे लावून बायका एक संथ नाच करतात. २०२२ नंतर एकदा त्या रांगेत आमच्याच शाळेची झाडूवाली बाई दिसली! अंबाड्यात फुले, अंगात विणीचे लुगडे आणि चालण्यात असा डौल की आम्हाला ओळखायला वेळ लागला. तिच्या एका बाजूला बँकेतली बाई होती, दुसऱ्या बाजूला कोण ते माहीत नाही. सोमवारी मुख्याध्यापिकेने सगळ्यांसमोर तिचे कौतुक केले. तिचा पगार तेवढाच राहिला, तेही सांगून टाकतो.

नोव्हेंबरात, म्हणजे आपल्या कार्तिक पौर्णिमेला, लॉय क्रथोंग. उत्तरेत त्याला यी पेंगही म्हणतात. केळीच्या खांबाची चकती, भोवती केळीच्या पानांच्या घड्या, वर झेंडू, मेणबत्ती आणि तीन उदबत्त्या. हा द्रोण नदीत सोडायचा आणि वर्षभर पाणी घाण केले म्हणून नदीची क्षमा मागायची. नदीला म्हणतात 'मे खोंखा', गंगामाई! नाव ऐकून आम्ही थबकलो. कागदी आकाशकंदील शेकड्यांनी वर जातात तेव्हा पाहणाऱ्याची मान दुखते, डोळे मात्र निघत नाहीत. त्या रात्री विमानतळावरची कित्येक उड्डाणे रद्द करावी लागतात. कंदील विझून कोणाच्या छपरावर पडतात, आगी लागतात, म्हणून शहरात आता वेळेचे व जागेचे निर्बंध आहेत.

आम्ही द्रोण सोडतो का? वर्गात मुलांबरोबर बनवतो, तो लेकीला देतो, आणि काठावर उभे राहून बघतो. गंगामाईची क्षमा आमच्याने मागवत नाही. १९५० साली बाबासाहेब कोलंबोच्या बौद्ध परिषदेला गेले तेव्हा बौद्ध देशातले विधी आणि समारंभ प्रत्यक्ष पाहावेत हाही त्यांचा एक हेतू होता. पाहावे, हे आम्ही तिथून घेतले. २०२४ च्या ऑक्टोबरात पिंग नदीला मोठा पूर आला. बाजार, घरे, दुकाने पाण्याखाली गेली. पुढच्याच महिन्यात, भिंतीवरच्या चिखलाच्या रेघा ताज्या असताना, तेच लोक नदीवर दिवे सोडत होते. सकाळी पालिकेचे कामगार होडीतून जाळीने हजारो द्रोण ओढत होते. आमच्या अकोल्याच्या घरात दोघांनी पालिकेच्या सफाईत नोकरी केली आहे. म्हणून आम्ही दरवर्षी रात्रीबरोबर सकाळही पाहून येतो.

आता वैशाख. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी हजारो लोक डोई सुथेपचा घाट पायी चढतात. पायथ्याशी भिक्खू ख्रूबा श्रीविचय यांचा पुतळा आहे. हे १८७८ साली एका गरीब घरात जन्मले. परवानगीशिवाय दीक्षा देतात म्हणून वरिष्ठांनी त्यांना अनेकदा अटकावून ठेवले. सरकारला जो रस्ता खर्चाचा वाटत होता तो त्यांच्या शब्दावर लोकांनी केला. १९३४ च्या नोव्हेंबरात कुदळी पडल्या आणि १९३५ च्या एप्रिलअखेर पहिली मोटार वर गेली. अकरा किलोमीटरचा घाट, मजुरी शून्य. गावेच्या गावे आपापली शिदोरी घेऊन आली होती. त्या रस्त्याने रात्रभर चालताना दर वळणावर कोणी पाणी देते, कोणी चिकट भाताच्या पुड्या देते. २०१९ साली लेक अर्ध्या वाटेत खांद्यावर बसली. २०२३ साली ती आमच्या पुढे चालत होती आणि शेवटच्या तीनशेच्या वर पायऱ्या तिने मोजत चढल्या.

त्याच वर्षी, वैशाखानंतर काही दिवसांनी, 'इन्थखिन'चा सण पाहायला आम्ही तिघे वाट चेदी लुआंगला गेलो. १५४५ च्या भूकंपात ढासळलेला, तरीही मान वर करून पाहावा लागेल असा अवाढव्य चैत्य तिथे आहे. त्याच आवारात शहराचा खांब आहे. राजा काविल याने १८०० साली तो येथे आणला. इन्थखिन म्हणजे पालीतला 'इंदखील'. आपण रतनसुत्त म्हणतो त्यात हा शब्द आहे, वाऱ्याने न हलणाऱ्या खांबाची उपमा म्हणून. पावसाच्या तोंडावर आठवडाभर शहरातले लोक ओंजळीओंजळीने फुले आणून रांगेत मांडलेल्या वाडग्यांत ठेवत जातात. फुले आणणाऱ्या, निवडणाऱ्या, मांडणाऱ्या बहुतेक बायकाच. आवार मोगऱ्याने भरून गेलेले असते. पाऊस पाडणारी म्हणून मानलेली बुद्धमूर्तीही मिरवणुकीने येते. आम्ही तिघांनी फुले ठेवली, फार बरे वाटले.

मग खांबाच्या दालनाशी आलो. आमच्यातल्या एकाने चप्पल काढून पायरीवर पाय ठेवला. मागून लेकीने पाटी वाचली. थाई ती आमच्यापेक्षा भराभर वाचते. स्त्रियांना आत प्रवेश नाही, आणि कारणही पाटीवर लिहिलेले : मासिक पाळी. लेक दहा वर्षांची. तिने मराठीत, मोठ्याने विचारले, "मग मला अजून चालतं का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे आपल्या बायाही बसल्या होत्या, हे आम्ही दोघे शाळेत न शिकता घरी शिकलो. आणि येथे, तथागतांच्या देशात, ज्या आवारात भिक्खू राहतात तिथे ही पाटी. थाई मंडळींना नंतर विचारले. ते म्हणाले, हा धम्म नव्हे, खांबाच्या राखणदार देवतांची जुनी समजूत आहे. उत्तरेत कित्येक चैत्यांच्या आतल्या कठड्यापाशीही अशाच पाट्या आहेत. शाळेतल्या एका थाई बाईंनी निराळे सांगितले. १९२८ च्या एका आदेशाने थायलंडात भिक्खूंनी स्त्रियांना दीक्षा देणे बंद केले, ते अजून बंदच आहे. तरीही धम्मानंदा नावाच्या विदुषी श्रीलंकेत जाऊन २००३ साली भिक्खुणी झाल्या, आणि त्यांच्यामागून अनेकजणी. चियांग माई प्रांतातच चॉम थोंगकडे निरोधाराम नावाचा भिक्खुणींचा आराम आहे. पुढच्या सुटीत आम्ही लेकीला तिथे घेऊन गेलो. ती तिथल्या मांजरांबरोबरच जास्त खेळली.

त्या दिवशी पायरीवर ठेवलेला पाय आम्ही मागे घेतला, चप्पल घातली आणि बाहेर येऊन नारळाची आइस्क्रीम खाल्ली. आता दरवर्षी इन्थखिनला जातो. फुले बाहेरच्या वाडग्यांत तिघेही ठेवतो. आत कोणीच जात नाही. खांब कसा आहे ते आम्हाला आजही माहीत नाही.

येत्या एप्रिलात आई येणार आहे. तिचा पासपोर्ट झाला. सत्तर वर्षांच्या आयुष्यात ती नागपूर आणि मुंबईच्या पलीकडे गेलेली नाही, तीही १४ ऑक्टोबर आणि ६ डिसेंबरला. परवा फोनवर जयभीम झाल्यावर तिने दोन गोष्टी विचारल्या. अंगावर टाकतात ते पाणी फार थंड असते का? आणि वाळूच्या चैत्यावर खोचायला निळा कागद तिथे मिळतो, की अकोल्याहून कापडच आणू?